पुढचं डावं चाक

अण्णा माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या गाडीचं पुढचं डावं चाक बघत. सांगलीच्या मार्केट यार्डात वजनकाट्यावर ते रखवालदार होते. हळदीचा ट्रक काट्यावर येऊन थांबला, की ड्रायव्हर उतरून काय म्हणतो याकडे त्यांचं लक्ष नसे. ते वाकत, चाकाच्या एकेका नटावर अंगठा ठेवत, एखाद्या नटावर टिचकी मारून कान देत, आणि मग मान वर करून म्हणत, "व्हय. आता बोल." बाकीच्या चाकांकडे ते ढुंकूनही बघत नसत. मागचं चाक बसलेला, रिमवर आलेला एक ट्रक काट्यावरून गेला आणि अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता, हे मी स्वतः पाहिलं आहे.

यार्डात त्यांना 'डाव्या चाकाचे अण्णा' म्हणत. इलाही नावाचा एक ड्रायव्हर होता, मिरजेचा. हळद भरून उत्तरेकडे जायचा. तो त्यांची फिरकी घ्यायचा.

"आवं अण्णा, उजव्या चाकानं काय पाप केलंय तुमचं?"

"उजवं दुसऱ्याकडं हाय."

"कुणाकडं?"

"हुता येक कोकणातला."

इलाहीला या उत्तराचा अर्थ लागला नाही. मलाही लागला नाही. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात होतो आणि हळद, गूळ, बेदाण्याचे भाव आणायला रोज दुपारी यार्डात जात असे. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. अण्णा सत्तरीकडे झुकलेले होते. उंच, हाडाचे मोठे, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. काट्याच्या खोलीत त्यांच्या खुर्चीमागे भिंतीला एक लांब दांड्याचा पाना उभा असे. चाकाचे नट आवळायचा पाना. दांडा हाताच्या घामाने काळा आणि गुळगुळीत झालेला. तो कुणी उचललेला त्यांना चालत नसे.

"मी लढाईत हुतो," असं ते सांगत. नवा ऐकणारा त्यांना माजी सैनिक समजे आणि सलाम ठोके. सातारा-सांगलीकडे ही चूक सहज होते, कारण घरटी एक माणूस फौजेत गेलेला असतो. मग कुणीतरी विचारी, "बंदूक कंची हुती अण्णा?" अण्णा भिंतीकडे बोट दाखवीत. "ही."

हकिगत अशी. दुसऱ्या महायुद्धात परदेशी गाड्यांचे सुटे भाग जहाजातून, लाकडी पेट्यांत बंद होऊन मुंबई बंदरात उतरत. मुंबईच्या एका कारखान्यात ते जोडून फौजेसाठी ट्रक तयार होत. अण्णांचं गाव पाटणकडचं. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ते गावच्या एका मुकादमाबरोबर तिथे गेले. साखळीने ओढला जाणारा गाडीचा सांगाडा एका टोकाने आत येई आणि दुसऱ्या टोकाने पूर्ण ट्रक होऊन बाहेर पडे. मधे दोन्ही बाजूंना माणसं उभी. ज्याने जे काम धरलं, ते त्याचं. अण्णांच्या वाट्याला पुढचं डावं चाक आलं. समोर उजव्या चाकावर कोकणातला एक जण. लढाई संपेपर्यंत दोघे समोरासमोर उभे होते, आणि मधून गाड्या जात होत्या.

"गाडीचं तोंड कसलं हुतं, त्ये मला कवा धड दिसलं न्हाई," अण्णा सांगत. "चाक बसवून मान वर करस्तवर गाडी पुढं गेलेली. आन् दुसरी दारात." एकदा ते म्हणाले, "येक गाडी बी मी केली म्हनता येत न्हाई. आन् मी न्हाई केली आशी बी येक गाडी न्हाई." हे त्यांनी सहज म्हटलं होतं. त्याचं वजन माझ्या ध्यानात यायला काही वर्षं गेली.

त्या गाड्यांच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असत. आपण जिकडे फिरवून सोडतो, तिकडे फिरवून ते आवळायचे. चाकाच्या फिरण्यानं नट ढिले पडू नयेत म्हणून ही तजवीज. ऐन तारुण्याची वर्षं उलट्या आट्यांवर गेल्यामुळे अण्णांचा हातच तसा वळला होता. घरात त्यांनी नळ बंद करायला घेतला, की पाण्याची धार वाढे. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं त्यांच्या हातून घट्ट होऊन बसत. काकी, म्हणजे त्यांची बायको, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवी, "ह्यांच्या हातात फिरकीचा तांब्या तेवढा देऊ नगा. प्रवासात तहानेनं मराल." अण्णा हसत नसत, पण रागावतही नसत. तांब्या निमूटपणे तिच्याकडे सरकवत.

शिवा हे त्यांच्या धाकट्या भावाचं नाव. तो फौजेत भरती झाला, ड्रायव्हर झाला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. जाताना मुंबईत अण्णांना भेटला. दोघांनी कारखान्याच्या फाटकाबाहेर भेळ खाल्ली. निघताना शिवा म्हणाला, "तू जोड. मी हाकतो." हे वाक्य अण्णांनी मला वेगवेगळ्या वेळी अनेकदा सांगितलं. दर वेळी शब्द तेच, आणि दर वेळी ते सांगून झाल्यावर ते उठून कुठल्यातरी ट्रककडे जात.

शिवा परत आला नाही.

अण्णांची एक गोष्ट यार्डात कुणालाच उलगडत नव्हती. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुताराची करवत, लोहाराचा घण, शेतकऱ्याची कुऱ्हाड, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत त्याला कामासाठी हात लावायचा नाही. यार्डात त्या दिवशी हमालांचे पोती उचलायचे आकडे पाटावर असत. वजनकाट्याला झेंडूची माळ पडे. ट्रकांना केळीचे खुंट बांधत. हत्यारं थांबत, पण माल थांबत नसे. पूजा झालेले ट्रक संध्याकाळी माळांसकट निघत. आणि त्याच एका दिवशी अण्णा सकाळपासून पाना घेऊन यार्डभर फिरत. निघणाऱ्या प्रत्येक गाडीचं पुढचं डावं चाक स्वतः आवळत. कुणी पैसे दिले तर घेत नसत. कुणी नको म्हटलं तर ऐकत नसत.

काकी दर वर्षी पाट मांडी. त्यावर विळी असे, खुरपं असे, अडकित्ता असे. पान्यापुरती जागा ती रिकामी ठेवी. "आजच्या दिवस तरी ठिवा की तो खाली," ती म्हणे. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "गाड्या थांबत न्हाईत तवर पाना थांबायचा न्हाई."

मी यार्डातल्या पूजेची बातमी करायला गेलो होतो, त्या खंडेनवमीला मी त्यांना सरळ विचारलं. "अण्णा, सगळ्यांची हत्यारं पूजेला बसली. तुमचा पाना का नाही?"

ते काट्याच्या पायरीवर बसले. पाना मांडीवर आडवा घेतला.

"येकदा बसवला हुता," म्हणाले.

पुढचं मी ऐकलं तसं लिहितो. लढाईतली एक खंडेनवमी. कारखान्यात चाकांच्या कामावर बहुतेक सातारा जिल्ह्यातली माणसं. सकाळची पाळी सुटली, दुपारनंतर काम बंद राहील असं सांगितलेलं होतं. म्हणून सगळ्यांनी आपापले लांब पाने धुतले, कोपऱ्यात मांडले, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात वरून हुकूम आला. आगगाडीचे डबे लागलेत, काम चालू करा. साखळी हलली. सांगाडे आत येऊ लागले. माणसं पान्यांकडे बघत उभी. पूजेतलं हत्यार उचलायला कुणाचा हात धजेना.

तोड मुकादमाने काढली. "लांब पान्याला हात लावू नगा. ल्हान पान्यानं फिरवून सोडा पुढं. गाड्या दोन-दोन दिस मैदानात हुब्या आसत्यात. उद्या दसऱ्याला पूजा उचलली, की मैदानात जाऊन येकेक चाक आवळू." सगळ्यांना ते पटलं. देवाचंही राहिलं, साहेबाचंही राहिलं. लहान पान्याने नट बसतो, पण शेवटचा जोर लागत नाही. तो लांब दांड्यानेच लागतो. संध्याकाळपर्यंत गाड्या जात राहिल्या.

"दसऱ्याच्या सकाळी पाने घिऊन आमी मैदानात गेलो," अण्णा म्हणाले. "मैदान मोकळं. येक गाडी न्हाई. जागोजागी तेलाचं डाग पडल्यालं नुसतं. रातीतनंच नेल्या हुत्या समद्या."

साहेबाला सांगायची कुणाची छाती झाली नाही. मुकादम म्हणाला, पुढं तपासणारे असतील की. त्या वेळेपुरता सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. नंतर लढाई संपली आणि गावातला एक सैनिक ब्रह्मदेशातून घरी आला. शिवाच्याच तुकडीतला. त्याने अण्णांच्या आईला ओसरीवर बसून सांगितलं, की घाटात गाडीचं पुढचं चाक निखळलं आणि गाडी दरीत गेली. अण्णा दारात उभे होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कंचं चाक?" सैनिक जरा थांबला आणि म्हणाला, "डावं."

अण्णांनी मांडीवरचा पाना उभा केला. "आता तुमीच सांगा पेपरवाले, ह्याला हळदकुंकू कसं लावू?"

समोर इलाहीचा ट्रक उभा होता. अण्णा उठले आणि त्याच्या चाकापाशी जाऊन वाकले.

महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा आमच्या दैनिकाने जुन्या सैनिकांवर पुरवणी काढायचं ठरवलं. मी पाटणकडच्या गावांत फिरलो. अण्णांच्या गावीही गेलो. तो सैनिक हयात होता. गावात त्याला हवालदार म्हणत. मोतीबिंदूने डोळे गेलेले, पण आवाज ठणठणीत. मी इतर गोष्टी विचारल्या आणि शेवटी शिवाचं नाव काढलं.

हवालदार म्हणाला, "आता लपवून कुणाला काय? त्याची आई बी गेली. त्यो गाडीत न्हाई मेला, सायेब. हगवन लागली. तंबूत पडून हुता. पार काडी झाली हुती. गाडीला त्यानं लय दिस हात बी लावला न्हवता."

"मग दरीत गाडी?"

"म्हातारीला काय सांगायचं? तुजं जवान पोरगं हगवनीनं गेलं म्हनून? दरीत गेलं म्हनलं, म्हंजी जरा लढाईत गेल्यासारखं वाटतंय."

"आणि चाक?"

"चाकाचं काय?"

"डावं चाक निखळलं, असं तुम्ही सांगितलंत."

"आसंल. गाडी दरीत जाती म्हंजी काय तरी मोडल्यालंच आसतंय. तोंडात आलं, म्हनलं." मग त्याने विचारलं, "का वं? चाकाचं कोन इच्चारतंय अजून?"

मी वही मिटली. पुरवणीत हवालदारावर चार ओळी आल्या. त्यांत हे नव्हतं.

सांगलीला परतलो तो सरळ अण्णांच्या घरी गेलो. यार्डामागच्या वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. बातमी चांगली आहे, अशी माझी समजूत होती. मी ती जशी मिळाली तशी, काही न गाळता सांगितली. काकी चुलीपुढे होती. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. "सुटलं बाई," एवढंच ती म्हणाली. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पहिल्यांदा शिवाचंच विचारलं. तंबूत त्याच्याजवळ कोण होतं, पाणी कोण पाजत होतं. ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मग म्हणाले, "म्हंजी माज्या शिवाचं न्हवतं त्ये चाक."

"नव्हतं, अण्णा. कुठलंच चाक नव्हतं. ती नुसती सांगायची गोष्ट होती."

"शिवाची गोष्ट झाली. पर त्या दिवशीच्या गाड्या तर खऱ्याच हुत्या न्हवं? मैदान मोकळं झालं हुतं, त्ये म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माज्या भावाचं न्हाई, तर मग कुणाच्या भावाचं?"

काकी तिथून उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

तोवर अण्णांना एक दरी आणि एक गाडी माहीत होती. माझ्या बातमीने ती काढून घेतली आणि तिच्या जागी कुणाच्याही भावाची, कुठलीही गाडी आली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला काकीने पाटावर पान्यासाठी जागा ठेवली आणि वाट बघितली. अण्णा पहाटेच पाना खांद्यावर टाकून यार्डात गेले होते. त्या वर्षी ते रस्त्याच्या पलीकडे, पेठेतल्या गाड्यांपर्यंतही गेले. पुढच्या वर्षी एस.टी. स्टँडावर. वय वाढत होतं, खांदा आणखी खाली येत होता, आणि गाड्या वाढत होत्या. इलाहीने मागून येऊन पान्याला हात लावू बघितला, तर अण्णांनी कोपराने त्याला बाजूला सारलं.

"आवं, माजीच गाडी हाय ही!" इलाही म्हणाला.

"म्हनूनच," अण्णा म्हणाले.

आणखी दोन वर्षांनी, हिवाळ्यात ते गेले. फार दिवस पडून नव्हते. शेवटी शेवटी हात अंथरुणावर गोल फिरत असे, उलटा. काकी तो धरून ठेवी. कृष्णेच्या घाटावर यार्डातले हमाल आणि ड्रायव्हर झाडून आले होते. मी अण्णांवर आमच्या अंकात सहा ओळी लिहिल्या. आज वाचल्या तर त्यांत चूक काही नाही, आणि अण्णाही नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली. जिल्ह्यातल्या गावांत दूरदर्शनपुढे माणसं दाटीने बसत. काकीकडे मी एकदा गेलो, तेव्हा शेजारच्यांच्या टीव्हीवर फौजेच्या ट्रकांची रांग डोंगर चढताना दाखवत होते. काकी उंबऱ्यात बसून बघत होती. "ह्ये आसतं, तर टीव्हीजवळ जाऊन वाकलं आसतं," ती म्हणाली. रांग संपेपर्यंत तिने डोळा हलवला नाही. मग कुणाला उद्देशून ते मला कळलं नाही, पण हळूच म्हणाली, "आवळली आसतील न्हवं कुणी तरी?"

खंडेनवमी आली. दुपारी मी काकीकडे होतो. पाट मांडलेला होता. विळी, खुरपं, अडकित्ता, आणि त्यांच्या शेजारी, आजवर रिकाम्या राहिलेल्या जागेत, पाना. पाटापेक्षा लांब होता. दोन्हीकडून बाहेर आला होता. काकीने त्याचा काळा दांडा चिंचेने घासून पुसला होता, त्याला हळदीची बोटं ओढली होती आणि मधोमध कुंकू लावलं होतं. "पड आता निवांत," असं ती त्याला म्हणाली. त्याला म्हणाली की आणखी कुणाला, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात इलाही दारात आला. माल भरून झाला होता, गाडीला माळ पडली होती, संध्याकाळी निघायचं होतं.

"काकी, पाना द्या जरा. अण्णांचा हात लागल्याबिगर आजच्या दिवशी गाडी कवा भाईर काढली न्हाई. त्यांचा पाना तरी लागू दे."

काकी म्हणाली, "आज न्हाई रं बाबा. पूजेला बसवलाय."

"मग?"

"सकाळी पूजा उचलती. मग न्ये."

इलाहीने पाटाकडे बघितलं. पान्यावरचं ओलं कुंकू बघितलं. त्याचा मालक माल लवकर पोचावा म्हणून ओरडणारा होता, हे यार्डात सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनी मला सांगितलेली गोष्ट त्यालाही माहीत होती. किती आणि कधीपासून, ते मला ठाऊक नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"तर मग मी बी सकाळीच निघतो," तो म्हणाला. "सांगतो बाकीच्यास्नी."

दसऱ्याच्या सकाळी मी यार्डात गेलो. मैदान भरलेलं होतं. पूजेच्या माळा सुकायला लागल्या होत्या, आणि माल भरलेली एकही गाडी हललेली नव्हती. इलाही पाना घेऊन ओळीतल्या पहिल्या ट्रकपाशी बसला होता. काकी त्याच्यामागे उभी होती. यार्डात ती पूर्वी कधी आलेली मला आठवत नाही. त्याचं आवळून झालं, तशी ती पदर सावरून वाकली. पुढच्या डाव्या चाकाच्या एकेका नटावर तिने अंगठा ठेवून बघितला. मग मान वर करून ती म्हणाली, "व्हय. आता जावा."